नाशिकच्या वाइनरींमध्ये एक दिवस: प्रथमच जाणाऱ्यांसाठी

नाशिकला वाइन चाखायला जायचे म्हटले की बहुतेकांचा बेत वाइनरींच्या यादीपासून सुरू होतो आणि तिथेच तो बिघडतो. आम्हीही पहिल्या खेपेस एका दिवसात पाच वाइनरी उरकण्याचे ठरवले होते. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले, जेवण झालेले नव्हते, पेल्यात शिराज आहे की कॅबर्ने (तांबड्या वाइनच्या द्राक्षांच्या दोन जाती) हे समजावून सांगणाऱ्या मुलाकडे कोणाचेही लक्ष नव्हते, आणि चौथ्या ठिकाणी कारखाना दाखवण्याची शेवटची फेरी निघून गेली असल्याने फाटकावरूनच परतावे लागले. पाचवीचे नाव नंतर कोणी काढले नाही. त्यामुळे या लेखातील पहिली सूचना हीच की एका दिवसात दोन वाइनरी नीट पाहाव्यात, फार तर तीन, आणि त्यातही पहिलीला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

कोणत्या बाजूला जायचे ते आधी ठरवा

नाशिक परिसरातील वाइनरी एकाच रस्त्यावर नाहीत, ही गोष्ट नकाशा उघडल्याशिवाय लक्षात येत नाही. ढोबळमानाने त्यांच्या तीन दिशा आहेत. शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या वाइनरी एकमेकींपासून अगदी थोड्या अंतरावर आहेत, आणि प्रथमच जाणाऱ्याने याच बाजूला जावे असे माझे स्पष्ट मत आहे. सुलाचा पसारा मोठा आणि शनिवार-रविवारी गर्दी भरपूर, पण नवख्याला सगळी प्रक्रिया क्रमाने दाखवण्याची व्यवस्था तिथे चांगली बसलेली आहे. शेजारची यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, तरी तिचा आकार लहान आणि वातावरण निवांत असल्याने दोन्हींमधला फरक अनुभवण्यासारखा आहे, आणि तिच्या गच्चीतून धरणाचे पाणी दिसते.

दुसरी दिशा इगतपुरी तालुक्याची. सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईच्या बाजूला व्हॅलोन आहे. मुंबईहून येणाऱ्यांना घोटीच्या आसपास महामार्ग सोडून ही दोन ठिकाणे नाशिक शहरात न शिरताच पाहता येतात, आणि ज्यांना गर्दी नको त्यांना ही बाजू अधिक मानवेल. तिसरी दिशा दिंडोरी तालुक्याची. तिथे शांदों या फ्रेंच कंपनीची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुडे येणाऱ्या वाइनची वाइनरी आहे, मात्र भेट देता येते का आणि केव्हा हे आधी दूरध्वनीवर विचारूनच तिकडे वळावे. इगतपुरी आणि गंगापूर एकाच दिवसात साधण्याचा मोह आवरावा, कारण मधला साधारण तासाभराचा प्रवास नेमका जेवणाच्या वेळेवर येतो.

मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर आणि पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर आहे. सकाळी निघून रात्री परतणे शक्य असले तरी एक रात्र मुक्काम करणे शहाणपणाचे, आणि त्याचे कारण पुढे हिशेबासह येईलच. रेल्वेने नाशिक रोडला उतरून दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे हा सर्वांत बिनघोर मार्ग आहे.

कधी जावे

युरोपात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून एकदा होते, कारण थंडीत वेल झोपी जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असले तरी वेल झोपावी एवढी थंडी इथे पडत नाही, म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तिच्यानंतर फुटलेल्या काड्या पावसाळाभर वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत (कोंबांत) पुढच्या घडाची बीजे तयार होतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते ती गोडी छाटणी, जिला ऑक्टोबर छाटणी असेही म्हणतात, आणि फळ येते ते या छाटणीनंतर. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी इथे साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की अनेक जण ऑगस्टमध्ये जाऊन "बागेत द्राक्षेच नव्हती" अशी तक्रार करतात. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, धरण भरलेले असते, गच्चीत बसणे सुखाचे असते, पण वेलीवर केवळ पाने असतात आणि कारखान्यातल्या टाक्यांमध्ये आधीच्या हंगामाची वाइन शांतपणे मुरत असते. द्राक्षे उतरवताना, ट्रॅक्टरमधून क्रेट येताना, चिरडलेल्या द्राक्षांचा आंबूस-गोड वास अख्ख्या आवारात भरलेला असताना वाइनरी पाहायची असेल तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा हाच काळ गाठावा. याच दिवसांत काही ठिकाणी पाहुण्यांना लाकडी टबात द्राक्षे तुडवू देतात. मजा म्हणून ते जरूर करावे, मात्र बाटलीतली वाइन अशी बनत नाही हे मुलांना सांगावे. एप्रिल-मेची दुपार टाळावी. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख स्नाने आहेत, त्या दिवसांत हा बेत आखूच नये.

आदल्या दिवशीची कामे

कारखाना पाहण्याची फेरी आणि वाइन चाखणे यांचे आरक्षण आदल्या दिवशीच करावे, आणि शेवटची फेरी किती वाजता निघते हे स्पष्ट विचारून घ्यावे. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे, म्हणून तरुण मंडळींनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. कायद्याने राज्यात मद्य पिण्यास आणि बाळगण्यास परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बाटल्या विकत घेऊन प्रवास करणार असाल तर वर्षाचा परवाना काढून ठेवलेला बरा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस आणि निवडणुकीच्या मतदान-मतमोजणीचे दिवस कोरडे, म्हणजे मद्यविक्री बंद असलेले, असतात. जोडून सुट्टी आली म्हणून नेमका प्रजासत्ताक दिन गाठणारे दरवर्षी भेटतात.

आता गाडी कोण चालवणार हा प्रश्न. याचे उत्तर "थोडीच घेणार आहे" असे असू शकत नाही, ते का हे आकड्यांनीच पाहू. चाखण्यासाठी एका वाइनचे साधारण ३० मिलिलिटर ओततात. पाच प्रकार चाखले की १५० मिलिलिटर, म्हणजे एक पूर्ण पेला झाला. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो, त्या हिशेबाने एका वाइनरीत सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. तीन वाइनरी म्हणजे ४५ ग्रॅम, अर्ध्या बाटलीहून अधिक वाइन. शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते, म्हणजे शेवटचा घोट घेतल्यावरही परिणाम कित्येक तास राहतो. मोटार वाहन कायद्यानुसार रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून चालकासह गाडी ठरवावी, नाहीतर घरातील ज्या व्यक्तीला वाइन आवडत नाही तिचे मन आठवडाभर आधीपासून वळवावे आणि दुपारचे जेवण तिच्या पसंतीचे ठेवावे.

सकाळ: पोट भरलेले, जीभ मोकळी

उपाशीपोटी वाइन चाखायला जाऊ नये, परंतु काय खाऊन जावे यालाही महत्त्व आहे. नाशिकला सकाळी मिसळ न खाता पुढे जाणे हा अपराध वाटावा, इतकी तिथली मिसळ प्रसिद्ध आहे, आणि तरीही त्या सकाळी ती खाऊ नये असेच मी सांगेन. तिखटाने बधिर झालेल्या जिभेला वाइनमधला आंबटपणा आणि फळाचा वास कळत नाही, उलट मद्यार्काची आग आणि तांबड्या वाइनमधला तुरटपणा दुप्पट जाणवतो. पोहे, उपमा, थालीपीठ-लोणी, अंड्याची पोळी असे काहीतरी खावे. पान, सुपारी, तंबाखू आणि पहिल्या फेरीआधीच्या अर्ध्या तासात कॉफी टाळावी.

अत्तर लावू नये, आणि केसांत मोगऱ्याचा गजराही नको, ही सूचना एका वहिनींना मी केली तेव्हा त्या रुसल्या होत्या. परंतु वाइनची निम्मी चव नाकाने घेतली जाते, आणि गजऱ्याचा दरवळ फक्त माळणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. त्यांनी गजरा गाडीत ठेवला, संध्याकाळी पुन्हा माळला.

दिवसातली पहिली फेरी अकराच्या सुमारास धरावी. त्या वेळी गर्दी कमी असते आणि दाखवणाऱ्यालाही प्रश्नांची उत्तरे द्यायला सवड असते.

पहिल्या वाइनरीत आधी बाग, मग टाक्या

पोहोचताच चाखण्याच्या दालनाकडे धावू नये. प्रथम बागेच्या कडेला उभे राहावे. निफाड-पिंपळगावच्या बाजूला खायच्या द्राक्षांच्या बागा पाहिल्या असतील तर फरक लगेच दिसेल. तिथे वेल बहुधा डोक्याइतक्या मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर चढवलेली असते, घड विरळ केलेले असतात, मणी फुगावेत म्हणून जीए (जिबरेलिक आम्ल) या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवलेले असतात. वाइनच्या बागेत वेली बहुधा तारांवर सरळ उभ्या बांधलेल्या दिसतात, घड लहान आणि मणी वाटाण्याएवढे, दाटीवाटीने बसलेले असतात.

हंगामात गेला असाल तर दाखवणाऱ्याची परवानगी घेऊन तांबड्या जातीचा एक मणी खाऊन पाहावा, पण तो एकदम गिळू नये. आधी दाबून नुसता रस चोखावा. तो जवळजवळ रंगहीन असतो आणि अतिशय गोड लागतो, कारण खायची द्राक्षे साधारण १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) उतरवतात तर वाइनची २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत पिकू देतात. मग उरलेली साल दातांखाली चावावी. जिभेवर जांभळा रंग उतरतो आणि हिरड्यांना कोरडेपणा येतो. शेवटी बी फोडावी. कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा तोंड आवळून टाकतो. तांबड्या वाइनविषयी पुढे जे काही सांगितले जाईल ते या तीन चवींत आलेले असते: रसातल्या साखरेपासून मद्यार्क, सालीपासून रंग, आणि साल व बी यांच्यापासून टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक.

कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडताना दिसते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे लगेच दाबून रस वेगळा काढतात आणि सालींविना आंबवतात. तांबडीसाठी साली-बियांसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. रोझेसाठी, म्हणजे गुलाबी वाइनसाठी, सालींचा सहवास काही तासांपुरताच ठेवतात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि उष्णता निर्माण होते. ही उष्णता आवरली नाही तर फळाचा वास उडून जातो, म्हणून स्टीलच्या टाक्यांभोवती थंड द्रव फिरवणारे आवरण असते. मार्चच्या दुपारी त्या टाकीवर बाहेरून दव साचलेले दिसते. बोट फिरवले तर रेघ उमटते. बाहेर पारा पस्तीसच्या पुढे असताना आतला रस पंधरा-सोळा अंशांवर आंबत असतो, आणि नाशिकसारख्या उष्ण प्रदेशात ताजी पांढरी वाइन होऊ शकते ती मुख्यतः या थंडाव्यामुळे.

पुढे लाकडी पिंपांचे दालन लागते. ओकच्या एका पिंपात साधारण २२५ लिटर वाइन मावते. लाकडातून व्हॅनिला, लवंग, भाजल्यासारखा वास वाइनमध्ये उतरतो आणि टॅनिन मवाळ होते. सगळीच वाइन पिंपात ठेवत नाहीत. ठेवली होती का आणि किती महिने, हा दाखवणाऱ्याला विचारण्याजोगा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे कुठून आले, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून की टाकीत, हाही विचारावा.

पेला हातात आल्यावर

चाखण्याचा क्रम हलक्याकडून भारीकडे असतो: स्पार्कलिंग, पांढरी, रोझे, तांबडी आणि सर्वांत शेवटी गोड. हा क्रम मोडून आधी तांबडी घेतली तर नंतरची शेनिन ब्लाँसारखी पांढरी वाइन पाण्यासारखी लागते.

पेला दांडीला धरावा, कारण हाताच्या उबेने वाइन तापते. प्रथम तो पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा. नंतर पेला टेबलावरच ठेवून दोन-तीनदा गोल फिरवावा आणि मग नाक पेल्यात घालून वास घ्यावा. इथे नवख्यांची एक अडचण होते. दाखवणारा "पॅशन फ्रूट, लिची, ब्लॅकबेरी" असे सांगत असतो आणि आपण ती फळे फारशी खाल्लेली नसल्याने आपल्याला काही कळत नाही असे वाटून गप्प बसतो. तसे करू नये. आपल्या नाकाला जे आठवते तेच बरोबर. सोविन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये मला कायम पिकत आलेला पेरू आणि नुकतेच कापलेले गवत आठवते, शेनिनमध्ये अननस, आणि शिराजमध्ये जांभूळ व मिरी. आमच्या मावशींनी एका पिंपात मुरवलेल्या तांबडीचा वास घेऊन "उघडलेला मसाल्याचा डबा" असे म्हटले होते, आणि दाखवणाऱ्या मुलाने ते मान्य केले.

मग छोटा घोट घेऊन तो लगेच न गिळता तोंडभर फिरवावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर आंबटपणा चांगला आहे. हिरड्या सुकल्या तर टॅनिन. घशाशी ऊब जाणवली तर मद्यार्क. गिळल्यावर चव किती वेळ टिकते तेही पाहावे.

आणि आता अवघड भाग: थुंकणे. चाखण्याच्या टेबलावर एक भांडे ठेवलेले असते, ते घोट थुंकण्यासाठी आणि पेल्यात उरलेली वाइन ओतून टाकण्यासाठी असते. चारचौघांत थुंकायचे नाही आणि पानात टाकायचे नाही, या दोन संस्कारांत वाढलेल्या माणसाला हे दोन्ही जड जाते. परंतु जे लोक व्यवसाय म्हणून दिवसाला पन्नास वाइन चाखतात ते सर्व थुंकतातच. थुंकणे जमत नसेल तर निदान दोन घोटांनंतर उरलेली वाइन ओतून द्यावी, त्यात कोणाचाही अपमान होत नाही. दोन वाइनच्या मध्ये पाणी प्यावे, साधे बिस्किट किंवा पावाचा तुकडा खावा. प्रत्येक वाइनबद्दल वहीत एक ओळ लिहावी, कारण पाचव्यानंतर पहिली आठवत नाही.

जेवण आणि दुसरी वाइनरी

पहिली वाइनरी दीडपर्यंत आटोपली की बसून, सावकाश जेवावे. या परिसरातील मोठ्या वाइनरींमध्ये उपाहारगृहे आहेत. तिथे नेहमी इटालियन पदार्थच मागवले पाहिजेत असे नाही. तिखट जेवणाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा थंड रोझे चांगली जुळते. मटणाच्या रश्शाबरोबर तुरट कॅबर्ने घेतल्यास तिखट आणि टॅनिन एकमेकांशी भांडतात, त्यापेक्षा फळाच्या चवीची शिराज बरी. तांबडी वाइन "खोलीच्या तापमानाला" प्यावी हा नियम थंड देशांतला आहे. नाशिकच्या मार्चमध्ये ती दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगण्यास संकोच करू नये.

दुसऱ्या वाइनरीत कारखान्याची फेरी पुन्हा घेण्याची गरज नसते, टाक्या सगळीकडे टाक्याच. तिथे सकाळी चाखलेल्याच जाती मागाव्यात. सुलाची आणि यॉर्कची सोविन्याँ ब्लाँ किंवा शिराज एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने चाखली की वाइन बनवणाऱ्याचा हात म्हणजे काय ते समजते, आणि नवख्याच्या दृष्टीने हे दहा नवी नावे ऐकण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. सूर्यास्ताला गच्चीत बसायचे असेल तर जागा आधी सांगून ठेवावी. तिसऱ्या वाइनरीचा निर्णय या वेळी घ्यावा, सकाळी नव्हे.

बाटल्या घेऊन परतताना

खरेदी शेवटच्या थांब्यावर करावी. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत वाइन तापते, बूच वर सरकते आणि घरी उघडल्यावर ती शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. सकाळीच घेणे भाग असेल तर थर्मोकोलचा खोका सोबत न्यावा. नाशिकहून सापुतारा किंवा वापीमार्गे पुढे जाण्याचा बेत असेल तर एकही बाटली सोबत ठेवू नये, कारण गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि सीमेवर तपासणी होते.

घरी बूच असलेली बाटली आडवी आणि फिरकीच्या झाकणाची कशीही ठेवली तरी चालते, मात्र स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा फ्रिजच्या माथ्यावर नको. साध्या पांढऱ्या आणि रोझे वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवाव्यात, त्या साठवून सुधारत नाहीत. उघडलेली बाटली, अगदी तांबडीसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस चांगली राहते.

मुक्काम केला असेल तर आदल्या सकाळी चुकवलेली मिसळ आता खावी, जादा तर्री घेऊन.